भोंग्याची गाडी

बंब आईचा होता, म्हणून दीपाने आधी साफ नाही म्हटलं होतं.

"बाबा, गाडीवर कोनी बंब ठेवते काय? लोक म्हनतीन, गोविंदाची पोट्टी आंघोळ करत करत वरातीत चालली."

"म्हनू दे. कोपऱ्यात पडून हिरवा होऊन राह्यला तो. तुही माय पाह्यती त मलेच शिव्या देती."

हे मात्र खोटं नव्हतं. विजयमाला होती तोवर दर रविवारी चिंच आणि राख घेऊन त्या बंबापुढे बसायची आणि तो असा लखलखवायची की लहानगी दीपा त्यात तोंड पाहून वेण्या घालायची. बंब काही बाजारातून आणलेला नव्हता. दारव्ह्याच्या वस्तीत गोविंदाने दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा विजयमालेसोबत जिनिंगमध्ये कपाशी निवडणाऱ्या चाळीस बायांनी वर्गणी काढून तो दिला होता. भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायचं. बाजारातल्या नाव घालणाऱ्याकडे सगळ्या मिळून गेल्या, आणि त्या जशा बोलल्या तसंच त्याने टिंबाटिंबांनी ठोकून दिलं, 'विजयमाला गोविंदा हिले, जिनिंगच्या समद्या बायाईकडून.'

विजयमाला गेली त्याला नऊ वर्षं झाली. रुईचा बारीक उडता कीस तीस वर्षं नाकातोंडात गेल्यावर जे होतं तेच झालं. पुढे दोन वर्षांनी जिनिंगही बंद पडलं. मालकाने सांगितलं, कपाशीत राम राह्यला नाही. कपाशीत राम होता की नव्हता ते वावरवाले जाणोत. पण भोंगा थांबला आणि गोविंदा ओट्यावर बसला, तो बसलाच. एकतीस वर्षं बॉयलर आणि गाठी बांधायचा प्रेस सांभाळलेला फिटर. त्याचे हात मांडीवर पडलेले पाहिले की दीपाला वाटायचं, कोणाचे तरी हात इथे विसरून राहिले आहेत.

मग एके दिवशी तिच्या नवऱ्याने, रवीने, त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. रवीचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जगातलं काहीबाही त्याच्या हाती लागायचं.

"पाहा मामाजी. याले स्टीमपंक म्हनते. साधी गाडी घ्यायची न् जुन्या वाफेच्या इंजिनावानी सजवायची. पितळ, तांबं, घड्याळं, नळ्या. तिकडं लोक लाखानं पैसा घालते यात."

गोविंदाने चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. खूप वेळ पाहिलं.

"हे घड्याळ कायचं प्रेशर दाखवून राह्यलं?"

"कायचंच नाही. नुसतं चिपकवलं आहे. शो."

"काटा हालत नसन त ते घड्याळ नाही बाप्पा. ते थोबाड आहे," गोविंदा म्हणाला. आणि थोडं थांबून, "आपुन केलं त हालनारं करू."

सात वर्षांत तो पहिल्यांदा पुढच्या दिवसाबद्दल बोलला होता. दीपा चुलीकडे तोंड करून उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी धुराचं वाटावं म्हणून.

गाडी होती रवीने नेरहून आणलेली अठरा वर्षं जुनी मारुती. दार लोटलं की खिडकीची काच आत पडायची. हौसेला खिशात काही नव्हतं, म्हणून सगळी हौस भंगारातून करायची ठरली. जिनिंगची मशिनं तोडून मालकाने विकली होती, त्यातलं न खपलेलं बरंच काही अजून भंगारवाल्याच्या शेडमध्ये पडून होतं. गोविंदा तिथे गेला की पाहुण्यांच्या घरी गेल्यासारखा वागायचा. हे माझ्या प्रेसचं, हे दोन नंबरच्या जिनाचं. प्रेशरची तीन घड्याळं त्याने किलोच्या भावाने आणली. बिघडलेल्या फ्रिजमधल्या तांब्याच्या नळ्या निघाल्या. गॅस आल्यापासून घराघरांतल्या माळ्यांवर पितळी स्टोव्ह पडून होते, त्यांचे बर्नर हेडलाइटभोवती बसले. यंत्राचा जुना चामडी पट्टा कापून दीपाने सीटला कव्हरं शिवली. सुई तीनदा मोडली आणि बोटात पाचदा घुसली. गिअरच्या दांड्याला वॉल्व्हचं गोल चाक लागलं. रंगाला पैसे नव्हते, तर रेड ऑक्साइड फासला. तो रंग तसाही जुन्या बॉयलरचाच असतो. दीपाची पाच वर्षांची लेक खुशी पितळी खिळ्यांची डबी घेऊन बसायची आणि आबाने हात पुढे केला की एकेक खिळा त्यावर ठेवायची. दर खिळ्याला एक प्रश्न.

"आबा, गाडीले ताप येते का?"

"येते. म्हनून त हे घड्याळ लावलं."

आणि भोंगा. भोंगा गोविंदाकडे आधीपासून होता. बॉयलर कापला त्या दिवशी त्याने तो भंगारवाल्याकडून वजनावर विकत घेतला होता आणि धान्याच्या कोठीमागे गुंडाळून ठेवला होता. आता ट्रकची हवेची टाकी डिकीत बसली, तिची नळी छतावरच्या कॅरियरवर उभ्या केलेल्या बंबातून वर गेली, आणि बंबाच्या डोक्यावर भोंगा चढला. टाकी पंक्चरवाल्याकडून भरून आणायची. हवा भरली की समोरच्या घड्याळाचा काटा खरोखर सहावर जायचा. गोविंदा त्याच्याकडे असा पाहायचा, जसं झोपलेल्या लेकराकडे पाहावं.

"वाजवा ना आबा."

"इथं नाही. लोक घाबरतीन."

लोक घाबरले नाहीत, हसले. भंगाराची वरात, म्हणाले. पण दिवाळीनंतरच्या दोन लग्नांची विचारणा आली. नवरदेवाला घोडा नको होता, ही गाडी हवी होती. चालवणार दीपा. ती चालवायला याच गाडीवर, बाजाराच्या मोकळ्या पटांगणात शिकली होती. दाराआतल्या पत्र्यावर कोणाचं नाव टाकायचं असं तिने विचारलं, तेव्हा गोविंदा लाजला. "माहं टाकजो बारीकसं. फिटर गोविंदा." मग लगेच म्हणाला, "राहू दे, लोक हसतीन." ते नाव त्याला हवं होतं, हे तिला त्या 'राहू दे'वरूनच कळलं.

तेवढ्यात रजतबाबू आले.

रजत म्हणजे मालकाचा मुलगा. जिनिंगच्या जागेवर त्याने लग्नाचं लॉन बांधलं होतं, जुनी चिमणी तेवढी मध्ये ठेवून. लॉनचं नाव 'रुई हेरिटेज'. जिथे बायांच्या तोंडात रुई गेली तिथे आता पनीर जाणार होतं. दसऱ्याला उद्घाटन. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पासष्ट वर्षांच्या माणसाला म्हणाला, "अरे गोविंदा, तू तर कमाल केलीस. गाडी गेटवर उभी करू. कायमची. आमच्या घराण्याचा इतिहास आहे हा."

"हो मालक."

"उद्घाटनाला भोंगा तू वाजवायचा."

"हो मालक." मग गोविंदाने चप्पल काढून ठेवलेल्या पायाचा अंगठा मातीत रुतवला. "पाटी लावसान त... माहं नाव राहीन का मालक? बारीकसं?"

"अरे, राहणारच ना. ही काय विचारायची गोष्ट आहे?"

रजत गेल्यावर दीपाच्या अंगाची लाही लाही झाली.

"कायमची? कायमची म्हंजे काय बाबा? बंब त्याच्या बापाचा आहे का? दोन लग्नं आपुन घेतली त्याईचं काय? न् दसऱ्याले तुमी नागपूरले जाता. एक वर्ष चुकवलं नाही, माय गेली त्या वर्षीबी दीक्षाभूमीवर गेलते. यंदा तुमी त्याचा भोंगा वाजवनार?"

"नाव टाकतो म्हने ना तो."

"नाव! तो तुमाले 'अरे' म्हनते, न् तुमी त्याले 'मालक' म्हनता. जिनिंग बंद होऊन सात वर्षं झाली. कायचा मालक तो? पगार देते का?"

"एकतीस वर्षं त्याईचं मीठ खाल्लं दीपे."

"मीठ नाही खाल्लं बाबा. काम केलं."

 गोविंदा बोटाने घड्याळाची काच पुसत राहिला. सगळ्या गावासमोर, जिथे एकतीस वर्षं घाम गाळला तिथे, आपलं नाव पितळावर दिसावं एवढीच त्याची इच्छा. त्या इच्छेपायी तो गाडीही देऊन टाकायला निघाला होता. दीपाला त्याचा राग येत होता आणि रागाच्या खाली कुठेतरी त्याला कुशीत घ्यावंसं वाटत होतं, जसं रुसलेल्या खुशीला घेते तसं. शेवटी ती म्हणाली, "नाव दिसलं तरच गाडी राहीन. नाही त मी चालवत आनली, मीच चालवत नेईन."

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी लॉनवर पोचती केली.

दसऱ्याच्या सकाळी रवी वस्तीच्या ट्रकमधून नागपूरला गेला. गोविंदाने नागपूरला जायचा पांढरा सदरा अंगात घातला आणि उलट्या दिशेला निघाला. दीपा खुशीचं बोट धरून मागे. गेटवर गाडी उभी होती, झेंडूच्या माळांत बुडालेली. आणि बंबाला पाटी लावलेली होती. नुसती टांगलेली नव्हती. पत्र्याची पाटी बंबाच्या पोटाभोवती वाकवून, दोन स्क्रू पितळातून आरपार घालून बसवलेली होती. अगदी नाव घातलं होतं त्यावरच.

गोविंदाला वाचन बेताचं. तो नाव वाचायचा नाही, ओळखायचा, जसं गर्दीत माणूस ओळखतो. तो पाटीवर डोळे फिरवत राहिला. वरून खाली. पुन्हा वरून.

"कुठं आहे दीपे?"

पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'संकल्पना व निर्मिती: श्री. रजतबाबू'. त्याखाली त्याच्या आजोबांचं नाव. त्याखाली लॉनचा फोन नंबर.

"नाही बाबा."

"बारीक असन. खाली पाह्य."

"खाली फोन नंबर आहे."

ती तरातरा मांडवात गेली. रजत पाहुण्यांना हार घालत होता. "ताई, पाटीवर जागाच उरली नाही," तो हसत म्हणाला. "पुढच्या वेळी करू. आता भोंगा वाजवायला सांगा त्याला, आमदारसाहेब आलेत."

"फोन नंबराले जागा भेटली?" दीपा म्हणाली. आवाज इतका चढला की दोन हार हवेत थांबले. "न् माह्या मायच्या बंबाले भोकं पाडाची परवानगी कोनाले मागितली?"

"बंब?" रजतने खरंच न कळल्यासारखं विचारलं. "अच्छा, ते. ते भंगार नव्हतं का?"

तिच्या जिभेवर जे आलं ते खुशी बाजूला होती म्हणून तिने गिळलं. ती वळली, तोवर माइकवरच्या माणसाने हाक दिली होती. सर्वांनी मागे पाहावं, आता वाजणार आहे तो ऐतिहासिक भोंगा. आणि गोविंदा, तिचा बाप, आपलं नाव नसलेल्या पाटीसमोर उभा, त्याने सवयीने भोंग्याची साखळी ओढली.

एक लांब. दोन आखूड.

सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. गोविंदाचा हात साखळीवरच राहिला आणि चेहरा उतरला. जिनिंगमध्ये भोंग्याच्या तीन तऱ्हा होत्या. नुसता एक लांब म्हणजे सुटी. तुटक तुटक म्हणजे कपाशीच्या गंजीला आग. आणि एक लांब, दोन आखूड म्हणजे सीझन सुरू, कामावर या. दसऱ्याच्या सुमारास एकतीस वर्षं त्याच्या हाताने हेच वाजवलं होतं. दसऱ्याला हाताला दुसरं काही सुचलंच नाही.

"दीपे," तो पुटपुटला, "मी हे काय केलं?"

वीस मिनिटांत त्या आल्या. आधी जिनिंगमधली शकुबाई, सत्तरीची, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, हातात डबा. तिच्या मागे तांड्यावरची रुपीबाई, चांदीची कडी खुळखुळवत, धाप लागलेली. तिच्या मागे अजून सहा-सात जणी. फडकी तीच, जुनी, रुई नाकात जाऊ नये म्हणून बांधायची. कुठल्या पेटीतून काढली असतील वीस मिनिटांत. गार्डने काठी आडवी केली.

"काय बाई, जेवन दुपारून आहे."

"जेवाले कोन आलं बाप्पा?" शकुबाई म्हणाली. "भोंगा झाला नं. नावं लिहून घेऊन राह्यले का? माहं पयलं लिही. दोन नंबरच्या जिनावर होती मी."

रुपीबाई आत डोकावून म्हणाली, "माय वं, मशिनी कुठी गेल्या?"

मांडवात हशा पिकला. पाचसहा मोबाइल वर झाले. कोणीतरी म्हणालं, अरे वा, प्रोग्रामच ठेवलाय काय! रजत धावत गाडीपाशी आला. त्याचे डोळे चमकत होते.

"गोविंदा, काय आयडिया आहे रे! पुन्हा वाजव. अजून येतील. व्हिडिओ मस्त होईल."

गोविंदाने साखळी सोडली. डिकी उघडली, टाकीखालचा कॉक हाताने फिरवला. हवा फुस्स करत निघून गेली. घड्याळाचा काटा सहावरून चारवर आला, चारवरून दोनवर, आणि शून्यावर निजला.

"अरे, काय करतोस?"

"वाजत नाही आता."

"मग भरून आण."

"नाही मालक."

'नाही' आणि 'मालक' हे शब्द बापाच्या तोंडून एकामागोमाग आलेले दीपाने कधी ऐकले नव्हते. तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशातला पेचकस काढला. खुशीला बॉनेटवर उभं केलं आणि स्वतः दाराच्या कडेवर पाय देऊन वर चढली. पहिला स्क्रू निघाला. दुसरा अडला होता, तो तिने दात खाऊन फिरवला. पाटी खणकन खाली पडली. पाटीमागे टिंबाटिंबांची अक्षरं होती आणि त्यांत दोन भोकं, एक 'विजयमाला'मधल्या मा वर, दुसरं 'बायाईकडून'वर.

शकुबाई गार्डची काठी बाजूला सारून आत आली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ती बंबापाशी थांबली, हात उंच केला आणि भोकावर बोट ठेवलं.

"हा आमचा बंब आहे नं वं दीपे? चाळीस जनींचा. हे भोक कोनं पाडलं?"

 मांडवात मोबाइल वरच होते.

"ताई, हे बघा," रजतचा आवाज आता हसरा नव्हता, "गाडी इथे राहील असं ठरलंय. आणि भोंगा तर आमच्या फॅक्टरीचाच आहे."

"तुमी तो किलोनं इकला," गोविंदा म्हणाला.  "मी किलोनं घेतला. तुमी सारंच किलोनं इकलं मालक. आमचंबी वजन करून घेतलं असतं त बरं झालं असतं."

दीपाने खाली उतरून खुशीला पुढच्या सीटवर बसवलं. "नाव टाकाचं ठरलं होतं न्‌ मंग गाडी ठेवाची. तुमाले अर्धं ठरलेलंच याद राहते." तिने पाटी उचलून त्याच्या हातात दिली, झेंडूच्या माळा ओढून खाली टाकल्या, आणि चारी दारं उघडली. "बसा मावशी. रुपीबाई, तुमीबी बसा."

"मी नाई बसत," शकुबाई म्हणाली. सगळ्यांसमोर ती गोविंदाकडे वळली. "तूच वाजवलास नं रे? तुह्या हातचा भोंगा मी झोपेत ओळखते. म्या पिठलं टाकलं, भाकर बांधली, सुनेले म्हनलं, पाह्य, म्हने बंद पडलं, चालू झालं पाह्य. काहून वाजवलास मंग? कायले वाजवलास, काम नव्हतं त?"

गोविंदाने दोन्ही हात जोडले. जे हात मालकासमोर इतकी वर्षं जोडले होते ते आता एका डबा घेतलेल्या म्हातारीसमोर जोडलेले पाहून दीपाला वाटलं, हे इथेच जोडायचे होते.

"चुकलो शकुबाई."

"चुकला त चुकला," ती म्हणाली आणि डबा सांभाळत पुढच्या सीटवर खुशीशेजारी चढली. "सरक पोट्टे. तुह्या आज्याले मांग बसव. चुकलेल्या मान्साले मांग बसवाचं."

मारुतीत किती माणसं बसतात हे दारव्ह्याने त्या दिवशी पाहिलं. उरलेल्या जणी बाजूने चालल्या, म्हणून दीपाने गाडीही चालीच्या वेगाने चालवली. वस्तीत पोचल्यावर शकुबाईने बॉनेटवर डबा उघडला. भाकर अजून गरम होती. रुपीबाई खाता खाता बंबाकडे पाहत राहिली. "तुही माय राहती त त्या पाटीवाल्याचं तोंड ठेचती," ती म्हणाली, आणि दीपाला त्या दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडूही.

दुसऱ्या दिवशी गोविंदाने भोकांत दोन पितळी रिबिटा ठोकल्या, पॉलिश मारलं. खुशीला वाटतं ती नाव घालणाऱ्याचीच टिंबं आहेत, जरा मोठी. दाराआतल्या पत्र्यावर दीपाने रेड ऑक्साइडने नाव लिहिलं. बारीक नाही, चांगलं हातभर.

दिवाळीनंतर पहिलं लग्न झालं. वरात वस्तीजवळून जाताना नवरदेवाने हट्ट धरला, भोंगा वाजवाच. गोविंदाने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून शकुबाईच्या ओट्यावर गेला आणि विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"सुटीचा वाजव," ती म्हणाली.

त्याने वाजवला. नुसता एक लांब. वस्तीत कोणी उठलं नाही, कोणी फडकं बांधलं नाही. वरात पुढे गेली. शकुबाईने सुपातला खडा उचलून रस्त्यावर फेकला आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सुटी झाली म्हने! आता गं माय. कामच कोनं देल्लं नाही, त सुटी कायची?"